निळ्या उजेडातला दोरा

शनिवारी अर्ध्या दिवसाची नोकरी उरकून घरी आले, तर गॅलरीतल्या दोरीवर आईचा स्वेटर वाळत होता. राखाडी, पुढून बटणांचा, दोन खिशांचा. बाह्या खाली लोंबत होत्या आणि डाव्या बाहीच्या टोकातून पाणी थेंबाथेंबाने खालच्या कुंडीत पडत होतं. मी चपला न काढता तशीच दारात उभी राहिले. "आलीस?" नवरा आतून म्हणाला, "आज सगळं धुणं काढलं बघ. पडदेसुद्धा. तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात तो स्वेटर सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेला. कुबट झाला असता." तो हात पुसत बाहेर आला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जरा घाईने म्हणाला, "गार पाण्यात धुतलाय अगं. लोकरीचा वेगळा प्रोग्रॅम असतो, तो लावून. आटला नाहीये. खिशात काहीतरी काडीबिडी होती, ती मशीनच्या जाळीत अडकली, तेवढी काढली." त्याचं काहीही चुकलं नव्हतं. पिशवीत काय आहे हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. गेले चार महिने दर रविवारी, तो बाजारात गेला की, मी ती पिशवी काढायची, तोंडाची गाठ सोडायची, त्यात नाक घालून तीन श्वास घ्यायचे आणि पुन्हा गाठ मारायची. तीनच. जास्त घेतले तर लवकर संपेल असा माझा हिशेब होता. त्या वासात एक स्पिरिट होतं, एक जुनी लोकर होती, आणि तिसरं काहीतरी होतं ज्याला मला कधी नाव देता आलं नाही. उबदार, किंचित झोंबणारं. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणं हा माझा धंदा. कशालाही एखाद्या मथळ्याखाली बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण ह्याला मथळा सापडला नव्हता. "चहा टाकू?" नवऱ्याने विचारलं. मी नको म्हटलं. ओल्या बाहीला नाक लावून पाहिलं. साबण. फक्त साबण.

आई नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात तीस वर्षं परिचारिका होती. हे एवढं लांबलचक नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. आम्ही त्याला पेट्यांची खोली म्हणायचो. काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक बाळ, आणि बाळ म्हणजे तरी काय, बाबांच्या पंजावर मावेल एवढं. दिवस भरायच्या आधी दोन-तीन महिने आलेलं, श्वास कसा घ्यायचा हे अजून न शिकलेलं, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. मी तिथे लहानपणी दोनदाच गेले, तेही बाहेरच्या काचेपर्यंत. पण ती खोली मला पाठ होती, कारण आई घरी आली की हातपाय धुऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि मी विचारायची, "आज कोण कोण?" बाळांना तिथे नाव नसायचं. कागदावर बाळाच्या आईचं नाव आणि पुढे 'चे बाळ' एवढंच. म्हणून सिस्टर लोक आपल्या आपण नावं पाडायच्या. कपाळाला आठ्या घालून झोपणारा तो मास्तर. सारखी उचकी लागणारी ती टाइपरायटर. दुधाची नळी दर दिवसाआड ओढून काढणारा तो प्लंबर. बाबा जेवता जेवता म्हणायचे, "प्लंबर काय म्हणतोय?" आई म्हणायची, "आज परत पाइप काढला मेल्याने. आठशे ग्रॅम वजन, पण मिजास बघा." आम्ही हसायचो. मला फार पुढे कळलं की काही नावं एकाएकी घरात घेतली जायची बंद व्हायची, आणि बाबा तेव्हा विचारायचे नाहीत. त्या वेळी ते भाजीची चौकशी करायचे.

घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं आईचं बोलणं थोडं जड असायचं. जीभ उचलायला कष्ट पडत असल्यासारखं. मला वाटायचं, ती बसमध्ये रडून आलीय. मी तिच्या डोळ्यांकडे बघायची. ते कोरडे असायचे. मग मी ठरवून टाकलं की मोठी माणसं डोळ्यांत पाणी न आणता रडत असावीत, आणि ते सगळं पाणी जिभेत उतरत असावं. ती समजूत मी बरीच वर्षं बाळगली. कॉलेजात असताना पहिल्यांदा मन मोडलं तेव्हा मी आरशासमोर उभी राहून जीभ जड होते का ते पाहिलं होतं.

पेट्यांच्या खोलीतल्या बाळांना त्यांच्या आया उचलून घेऊ शकत नसत. नळ्या असायच्या, तारा असायच्या, आणि जंतूंची भीती. काही आया स्वतःच दुसऱ्या मजल्यावर आजारी पडून असायच्या. म्हणून आईने एक पद्धत काढली होती. मऊ फ्लॅनेलचे तळहाताएवढे तुकडे, दोन-दोनची जोडी. उकळून, इस्त्री करून. एक तुकडा बाळाच्या आईने दिवसभर ब्लाउजात, छातीशी ठेवायचा. दुसरा बाळाच्या डोक्याशी. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. म्हणजे बाळाला आईचा वास कळेल आणि आईला बाळाचा. "त्यांना दिसत नाही अजून धड," आई म्हणायची, "ऐकू येतं ते सगळं मशिनचं. वास तेवढा घरचा." मोठ्या डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं, मग पाहिलं की त्या तुकड्याशी गाल लागला की काही बाळांचे ठोके जागेवर येतात, मग तेच पाहुण्या डॉक्टरांना दाखवायला लागले. ते तुकडे घरी तयार व्हायचे. नागमोडी कात्रीने कापायचं काम माझं, आणि कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे चार टाके घालायचं कामही माझं. एका जोडीला एक रंग, म्हणजे कुणाचा तुकडा कुणाकडे जाणार नाही. "प्रत्येक जोडीला अगदी वेगळा रंग हं," आई बजावायची. मी बारा वर्षांची होते. मला त्या कामाचा केवढा अभिमान. शाळेतल्या मैत्रिणींना मी सांगायची, आमच्या हॉस्पिटलात. आमच्या.

नर्सने बाळाच्या भवितव्याबद्दल बोलायचं नाही, हा तिथला नियम. ते डॉक्टरांनी बोलायचं, आकड्यांत. बाहेरच्या बाकावर बसलेले बाप ते आकडे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठायचे. शंभरातली सत्तर वाचतात म्हणाले सिस्टर, म्हणजे आमचं सत्तरात का तिसात? आया आकडे विचारत नसत. त्या सरळ विचारायच्या, वाचेल ना? आणि आई म्हणायची, "आत्ता ठीक आहे. आत्ताचं बोलू." हे वाक्य तिच्या हाडात इतकं शिरलं होतं की घरीही तेच. माझा गणिताचा पेपर कसाबसा गेला, मी पास होईन ना? "आत्ताचं बोलू. जेवलीस का?" बाबा वैतागून म्हणायचे, "बाई, निदान घरी तरी खोटं बोलत जा." आणि शेवटी, ह्याच वर्षी, जेव्हा ती स्वतः एका खाटेवर पडून होती आणि मी दारापाशी डॉक्टरांना हळू आवाजात विचारत होते, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "त्यांना कशाला छळतेस. इकडे ये. आत्ताचं बोल."

त्याच आठवड्यात एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते. केस उरले नव्हतेच फारसे, पण तिला फणी फिरवलेली आवडायची. खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "वकीलबाई आठवतात तुला?" मला आठवत होत्या. तेवीस वर्षांपूर्वीची मुलगी, नऊशे ग्रॅमची, कुणी हात लावला की मूठ वर करून हरकत घेणारी. ती बावीस दिवस आमच्या घरात होती, म्हणजे जेवणाच्या गप्पांत होती. "आज केस काय म्हणते?" बाबा विचारायचे. "तारीख पुढची पडली," आई म्हणायची. मग एक दिवस बाबांनी भाजीची चौकशी केली. आता खिडकीकडे बघतच आई म्हणाली, "तिच्या आईला मी चुकीचा तुकडा दिला." तिने सगळं सलग सांगितलं, ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रिपोर्ट देतात तशा सुरात. दुपारची वेळ. चार आणि पाच नंबरच्या पेट्या शेजारी शेजारी. चारमध्ये वकीलबाई, पाचमध्ये मास्तर. दोघांनाही कावीळ, म्हणून दोघांच्या पेट्यांवर निळे दिवे. पडदे ओढलेले. ती दोघांचे तुकडे बदलायला घेत होती, दोन्ही काढून एकाच ट्रेमध्ये ठेवले, आणि तेवढ्यात वकीलबाईंचे ठोके उतरायला लागले. पुढचा तास तिने नीट सांगितला नाही. एवढंच म्हणाली, की डॉक्टरांनी मान हलवल्यावर तिने नळी काढली, तारा काढल्या, आणि बावीस दिवसांत पहिल्यांदा त्या बाईच्या मांडीवर तिची मुलगी दिली. चाळीस मिनिटं होती. त्या बाईच्या छातीशी असलेला तुकडा तिने बाळाबरोबर गुंडाळला. आणि बाळाच्या डोक्याशी असलेला तुकडा, जाताना हातात द्यायचा तो, ट्रेमधून उचलून दिला. उरलेला धुण्यात टाकला. संध्याकाळी धोबीखोलीच्या खिडकीपाशी, उन्हात, उकळून निघालेले तुकडे पिळताना तिने पाहिलं. "तो खरा होता," आई म्हणाली. "माझ्या हातात होता तो खरा. आणि तो मी उकळून काढला होता. त्या बाईला मास्तरचा वास देऊन पाठवलं मी घरी." मग म्हणाली, "जाऊन काय सांगणार होते? बदलून द्यायला हातात काही नव्हतं." फणी माझ्या हातात तशीच राहिली. "तू सांग तिला," ती म्हणाली. "मी असताना नको."

ती बाई कोण, हे मला विचारावं लागलं नाही. लहानपणापासून मी राहते त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईचं चष्म्याचं दुकान आहे. तेराव्या वर्षी मला चष्मा लागला तेव्हा आई मला बसने पाऊण तास लांबच्या दुकानात घेऊन गेली होती, आणि पुढेही दर वर्षी तिकडेच. मी कुरकुर करायची, कोपऱ्यावर दुकान असताना एवढं लांब कशाला? "तिथल्या काचा चांगल्या," आई म्हणायची. त्या दुकानावरून जाताना ती नेहमी रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर जायची, मग पुढे जाऊन परत अलीकडे यायची. मला वाटायचं ती सावलीसाठी. पण ती हिवाळ्यातही तसंच करायची.

आई गेल्यापासून चार महिने मी तिकडे फिरकले नव्हते. कारणं भरपूर होती. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला कारणांची ददात कधीच नसते. मेलेल्या माणसाची चूक जिवंत माणसाच्या दारात नेऊन का टाकायची, हे एक. त्या बाईकडे काहीतरी आहे, भले चुकीचं असेल, ते काढून घेणारी मी कोण, हे दुसरं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मला फणी खाली ठेवली त्याच क्षणी कळलं होतं. आईने अख्ख्या हकिगतीत दोऱ्यांचा उल्लेख केला नव्हता. तो मुद्दाम टाळला होता, कारण तिचं सांगणं नेहमी काटेकोर असायचं. वकीलबाई आल्या त्या आठवड्यात हिरवा दोरा संपला होता. निळाही संपत आला होता. मी डब्यात हात घालून एका जोडीला नारिंगी लावला आणि दुसऱ्या जोडीला तांबडा. उजेडात ते दोन रंग कुणीही ओळखेल. पण निळ्या दिव्याखाली नारिंगी आणि तांबडा दोन्ही काळेच दिसतात. हे मला तेव्हा माहीत असणं शक्य नव्हतं. आईला मात्र दुसऱ्या दिवशीपासून माहीत होतं, कारण त्यानंतर तिने मला दोरे लावायचं काम दिलं नाही. ती म्हणाली होती, "आता अभ्यास वाढलाय तुझा." ती स्वतः नंतर टाक्यांऐवजी गाठी मारायची, एका जोडीला एक, दुसरीला दोन, हाताला लागतील अशा. तेवीस वर्षं तिने ती गोष्ट माझ्यापासून पलीकडच्या फूटपाथवर ठेवली.

आणि आज तो स्वेटर. त्या ओल्या बाहीपाशी उभी असताना मला पहिल्यांदा त्या बाईचा राग येईल इतका हेवा वाटला. चुकीचा का होईना, तिच्याकडे वास आहे. मग लगेच वाटलं, चुकीचा का होईना हे मी ठरवतेय. "कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं. "चष्म्याच्या दुकानात." "चष्मा मोडला?" "नाही," मी म्हटलं, आणि खाली उतरले.

दुकान अरुंद होतं, दोन्ही भिंतींवर आरसे आणि आरशांसमोर फ्रेमांच्या रांगा, म्हणजे आत शिरलं की आपण सगळीकडून दिसतो. काउंटरमागे ती एका माणसाच्या नाकावर फ्रेम बसवत होती. पन्नाशीला आलेली, केस आखूड, बोटं लांब. "नाक जरा सरळ धरा," ती त्याला म्हणत होती. "नाक आहे तसंच आहे हो, फ्रेम वाकडी आहे." "फ्रेम मी सरळ करते. नाकाचं तुमचं तुम्ही बघा." तो हसत पैसे देऊन गेला. मग ती माझ्याकडे वळली. "बसा. नंबर काढायचाय की फ्रेम?" मी आईचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, "मी पेट्यांच्या खोलीतल्या सिस्टरांची मुलगी." तिने हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली. ठेवलेली पुन्हा उचलून सरळ ठेवली. "गेल्या ना त्या," ती म्हणाली. "ऐकलं मी. यायचं होतं. पण म्हटलं, त्यांना चाललं असतं की नाही कोण जाणे." मला ते कळलं नाही. ती म्हणाली, "समोरच्या बाजूने जायच्या नेहमी. इथून दिसतं की. पहिली काही वर्षं मी बाहेर येऊन उभी राहायचे, हाक मारावी म्हणून. मग ओळखलं की त्यांना माझं तोंड बघवत नाही. बरोबरच आहे. मी काय तोंड दाखवण्यासारखं केलं होतं."

मी जे ठरवून आले होते ते सगळं त्या वाक्याने विसरले. म्हणून फक्त घडलं ते सांगितलं, आईने सांगितलं त्याच क्रमाने. दोन पेट्या, निळे दिवे, ट्रे, धोबीखोलीची खिडकी. शेवटी जे आईने गाळलं होतं ते घातलं. "दोरे मी लावले होते. नारिंगी आणि तांबडा. त्या उजेडात सारखे दिसतात, मला कळलं नाही." तिने काउंटरखालचा खण उघडला, स्वतःच्या चष्म्याची डबी काढली, आणि डबीतून काचा पुसायचा एक तुकडा. फ्लॅनेलचा. कडा नागमोडी, आता बऱ्याचशा विरलेल्या. तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि कोपरा बोटाने उलगडला. तांबड्या दोऱ्याचे चार टाके होते, माझे, बारा वर्षांच्या हाताचे, तिसरा टाका जरा तिरका. "दोऱ्याकडे मी कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. मी आपसूक तो उचलून नाकाशी नेला. काच पुसायच्या द्रावणाचा वास आला. तिने मला तसं करताना पाहिलं.

"त्याला काही नाही येत आता," ती म्हणाली. "चौथ्या दिवशीच धुतला मी." आणि मग ती माझ्याकडे न बघता, आरशातल्या कुठल्यातरी फ्रेमेकडे बघत बोलू लागली. "घरी आणला, उशीशी घेऊन झोपले. वास घेतला. आंबटसर, दुधासारखा. ओळखीचा लागेना. बावीस दिवस मी काचेतून बघितलेली पोर, माझ्या पोटातली, आणि तिचा वास मला परका. सासूबाई आधीच म्हणाल्या होत्या, तू अजून आई झालीसच कुठे, तिला दूध पाजलं नाहीस. मी म्हटलं, खरंच असेल. खऱ्या आईला वास ओळखू आला असता. गाय ओळखते, मांजर ओळखते. तीन दिवस घेऊन बसले, वाटलं सवय होईल. चौथ्या दिवशी रागाने बादलीत टाकला. साबण लावला. आणि पिळून झाल्यावर कळलं की काय केलं. तेवढंच होतं तिचं, ते मी धुऊन टाकलं." तिने तो तुकडा माझ्या हातातून घेतला, घडी केली, मोडली, पुन्हा केली. "नंतर मुलगा झाला. त्याला छातीशी धरायला मी सहा महिने भ्यायले. त्याचा वास परका लागला तर? नवरा म्हणायचा, वेडी आहेस. आता मुलगा वीस वर्षांचा आहे, ढांगा टाकत येतो आणि जेवायला काय आहे विचारतो. पण अजून जवळ आला की मी आधी श्वास धरते."

बाहेरून एक बाई आत डोकावली, "झाला का हो चष्मा?" "अर्ध्या तासाने या," ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. दार लागलं. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "मी धुतलं ते तिचं नव्हतं." "नव्हतं," मी म्हटलं. "आणि ओळखीचा लागला नाही, कारण ओळखीचा नव्हताच." "नव्हता." तिने चष्मा काढला आणि त्याच तुकड्याने काचा पुसल्या, खूप वेळ, एकीकडून आणि दुसरीकडून. मग तिला राग आला. मोठ्याने नाही. "सिस्टरांनी यायला हवं होतं," ती म्हणाली. "तीन पावलं रस्ता आहे हा. तेवीस वर्षं. एकदा यायला हवं होतं ग." ती मला अगं-तुगं करू लागली होती आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "हो." आईच्या बाजूने बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. बदलून द्यायला हातात काही नव्हतं, हे होतं. ते मी बोलले नाही. आत्ताचं एवढंच होतं, की आई चुकली होती. तुकड्यात जेवढी चुकली त्याहून जास्त गप्प राहण्यात. ते तिने स्वतः मला पाठवून कबूल केलं होतं, पण पोचायला उशीर झाला होता, आणि त्यातले शेवटचे चार महिने माझे होते.

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "थांब." मला वाटलं ती तुकडा परत देतेय. पण तिने तो डबीत ठेवला, डबी मिटली. "हा मास्तरचा ना? वाचला तो?" "वाचला. अडीच महिन्यांनी घरी गेला." "बरं झालं," ती म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखी हसली. "तुझ्या आईचा वास मात्र मला अजून आठवतो बघ. पोर मांडीवर होती तेव्हा त्या माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या, वाकून, चाळीस मिनिटं. पाय अवघडले असतील. राखाडी स्वेटर होता, त्या खोलीतला एसी सोसायचा नाही त्यांना. स्पिरिट आणि लवंग." मी म्हटलं, "लवंग?" "गालात असायची की सतत. तुला माहीत नाही? मी एकदा विचारलं होतं, सिस्टर, दात दुखतो का. म्हणाल्या, दात नाही हो, जीभ. तुम्ही सगळ्या जणी विचारता वाचेल ना, आणि माझ्या जिभेवर हो येतं. लवंग ठेवली की जीभ बधिर होते, मग आलेला शब्द परत पाठवायला वेळ मिळतो. आम्ही सगळ्या हसलो होतो त्यावर. बाहेरच्या बाकावर एकीने तर दुसऱ्या दिवशी लवंगांची पुडीच आणून दिली. म्हणाली, सिस्टर, ही संपेस्तोवर तरी आमचं बाळ राहू द्या. आणि खरंच, तिचं राहिलं."

परत येताना मी पलीकडच्या फूटपाथवर गेले नाही. जिना चढताना मला एकदम आमचं जुनं स्वयंपाकघर दिसलं, ते स्टूल, ओले हात पदराला पुसत बसलेली आई, तिच्या तोंडातून जड निघणारा पहिला शब्द. मी समोर वही घेऊन, तिच्या कोरड्या डोळ्यांत पाणी शोधत. बसस्टॉपवर लवंग थुंकून घरी येत असेल ती. मला कळू नये म्हणून नाही. घरी ती लागायची नाही म्हणून. निदान असं तिला वाटत असेल.

नवरा गॅलरीत स्वेटर उलटा करत होता. "दुसरी बाजू वाळू दे," तो म्हणाला, आणि मग, माझ्याकडे न बघता, "तो तुझ्या आईचा होता हे मला माहीत होतं. वास राखून ठेवलायस हे नव्हतं माहीत. तू गेल्यावर पिशवीकडे बघून लक्षात आलं. गाठ बघून. इतकी घट्ट गाठ कोण मारतं." "असू दे," मी म्हटलं. "जाळीत अडकलेली ती काडी कुठंय?" "केराच्या डब्यात टाकली. डबा गेला खाली मघाशी. का ग, महत्त्वाचं होतं काही? काळी, बारीक, खिळ्यासारखी होती." मी मान हलवून नाही म्हटलं.

स्वयंपाकघरात गेले. मसाल्याच्या डब्यातून एक लवंग उचलली आणि गालात धरली. आधी काहीच नाही. मग ती मऊ झाली आणि एकदम झोंबली, नाकापर्यंत, आणि तिथे, साबण आणि चहाच्या वासाच्या वर, ते तिसरं आलं. मथळा मिळालेलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. गाल बधिर व्हायला लागला, मग जिभेची कड. किती वेळ गेला कोण जाणे. नवरा दारात आला. "जेवायचं का?" मी काहीतरी म्हटलं, पण शब्द जड निघाला, अर्धा आतच राहिला. तो जवळ आला, वाकून माझ्या डोळ्यांत पाहू लागला.

"रडतेयस?"

"लवंग आहे," मी म्हटलं.